हातखंब्यापासून न्यूयॉर्कपर्यंत

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.३ अंश पूर्व रेखांशावर वसलेली आहे. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ अंश उत्तर आणि ७३.८ अंश पश्चिमेला. पृथ्वीच्या गोल पाठीवरून या दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर मोजलं, तर ते सुमारे १२,७६० किलोमीटर भरतं. मुंबईच्या सहार विमानतळापासून न्यूयॉर्क १२,५३० किलोमीटरवर आहे आणि रत्नागिरीपासून मुंबई, पक्ष्याच्या वाटेने, २३५ किलोमीटर. बेरीज करून पाहिली तर मुंबईमार्गे जाताना जेमतेम पाच किलोमीटर वाढतात. म्हणजे रत्नागिरीकराला अमेरिकेला जाताना मुंबईचा वळसा पडतच नाही. मुंबई त्याच्या सरळ वाटेवरच उभी आहे.

हे गणित मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, कारण त्याने माझी एक जुनी समजूत मोडली. आपण आडबाजूला राहतो, म्हणून आपल्याला लांब पडतं, असं कोकणात सगळेच धरून चालतात. आकाशाच्या हिशेबाने रत्नागिरी आडबाजूला नाही. एकूण प्रवासातला मुंबईपर्यंतचा टप्पा अंतराने पन्नासावा हिस्साही भरत नाही. वेळेच्या हिशेबात मात्र तोच टप्पा प्रवासाचा चौथा हिस्सा गिळतो, पावसाळ्यात कधी त्याहून जास्त. या लेखात मला सांगायचं आहे ते या दोन हिशेबांमधल्या तफावतीबद्दल.

आधी आकाशातली वाट समजून घेऊ. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टी लावली, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. विमान तसं जात नाही. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरावा. तो ताठ होताच वर सरकतो आणि पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया असा जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या उंबऱ्यापर्यंत जातो आणि मग ग्रीनलंडच्या दक्षिणेकडून अमेरिकेत उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग. होकायंत्राची एकच दिशा धरून, नकाशावरच्या सरळ रेघेने गेलं, तर अंतर १४,२०० किलोमीटरच्या घरात जातं. दोन्हींत सतराशे किलोमीटरचा फरक आहे, आणि विमानाच्या वेगाने तो दोन तासांचा होतो.

ही विद्या मुळात दर्यावर्दींची. वैमानिक आजही अंतर सागरी मैलात मोजतात आणि वेग नॉटमध्ये. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, पृथ्वीच्या परिघावरच्या एका अंशाचा साठावा भाग. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून ट्रॉलर घेऊन बाहेर पडणारा तांडेल जीपीएसच्या पडद्यावर जो मैल वाचतो, तोच मैल दहा किलोमीटर उंचीवरच्या वैमानिकाच्या पडद्यावर असतो. किनाऱ्यावरच्या माणसाला हवाई अंतर समजायला त्यामुळे अवघड जाऊ नये.

अंतर एकच असलं तरी वेळ एक नसते. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान साधारण सोळा तास घेतं, येताना तास-दीड तास कमी लागतात. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, हे मी शिकल्यासवरलेल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. ते बरोबर नाही. जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. खरं कारण वाऱ्याचं आहे. मध्य अक्षांशांवर, विमानं उडतात साधारण त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. अमेरिकेहून घरी येणाऱ्या विमानाला हा वारा मागून ढकलतो, जाणाऱ्याला तो छातीवर घ्यावा लागतो. म्हणून परतीचं विमान कधी कधी वेळेच्या आधी येऊन उभं राहतं, आणि न्यायला आलेली गाडी तेव्हा अजून पनवेललाही पोचलेली नसते.

वाऱ्याखेरीज दुसरी अडचण माणसांनी उभी केलेली. जवळची वाट ज्या देशांवरून जाते त्यांनी आकाश बंद केलं की पृथ्वीगोलावरचा दोरा कामाचा राहत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाचं आकाश अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला आणि भारतानेही तसंच उत्तर दिलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये इराण-इस्रायल संघर्षात पश्चिम आशियातलं आकाश काही दिवस विस्कटलं. अशा प्रत्येक वेळी विमानाला समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो, इंधन जास्त भरावं लागतं, कधी मध्येच उतरून ते घ्यावं लागतं. रत्नागिरीच्या नाचण्यात किंवा शिरगावात बसून विमानाची वाट मोबाइलवर बघणाऱ्या आईला अशा दिवशी रेघ नेहमीपेक्षा वाकडी का दिसते, त्याचं उत्तर यात आहे.

हवाई अंतर माणसाच्या आयुष्यात काय करू शकतं, याचा सर्वांत मोठा दाखला रत्नागिरीच्या टेकडीवर उभा आहे. थिबा पॅलेस. मंडाले आणि रत्नागिरी यांच्यामधलं सरळ अंतर सुमारे २,४५० किलोमीटर. आजच्या जेट विमानाला साडेतीन तास पुरे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला ते कापायला साडेचार महिने लागले.

इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले जिंकलं आणि राजा, राणी सुपायालात व परिवार यांना राजवाड्यातून बाहेर काढून इरावतीच्या काठावर आगबोटीत बसवलं. नदीने रंगून, तिथून बंगालचा उपसागर ओलांडून मद्रास. मद्रासेत त्यांना चार महिने ठेवलं. मग एप्रिल १८८६ मध्ये ‘क्लाइव्ह’ या बोटीने सिलोनला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने वर, आणि महिन्याच्या मध्यावर रत्नागिरी. नदीचं आणि समुद्राचं अंतर मिळवलं तर सरळ रेषेच्या दुप्पट प्रवास झाला.

रत्नागिरी का निवडली, हे नकाशा बघितला की कळतं. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही आणि पावसाळ्याचे चार महिने बंदर बंद. राजाला पळून जायला वाट नाही, त्याच्याकडे कुणी यायलाही वाट नाही. सरकारला किलोमीटरशी देणंघेणं नव्हतं, पोचायला लागणाऱ्या वेळेशी होतं. तीच युक्ती सरकारने पुढेही वापरली. १९२४ मध्ये सावरकरांना येरवड्यातून सोडताना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही अशी अट घातली, ती १९३७ पर्यंत चालली. दोघांचा गुन्हा, काळ आणि मनसुबे यांत काही साम्य नव्हतं. साम्य होतं ते या गावाच्या दुर्गमतेत.

थिबासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये राहण्याजोगा झाला, म्हणजे इथे येऊन चोवीस वर्षं उलटल्यावर. त्यानंतर सहाच वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, तो वारला. वय अवघं सत्तावन्न. १९१९ मध्ये राणीला मायदेशी जायची परवानगी मिळाली, पण मंडालेला नाही, रंगूनला. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीतच राहिली, इथल्याच माणसाशी तिने संसार केला, १९४७ मध्ये ती इथेच वारली. तिची मुलगी टुटू रत्नागिरीत अस्सल रत्नागिरीकर म्हणून जगली. मराठी बोलणारी, काटकसरीत संसार करणारी. मंडाले तिच्यापासून २,४५० किलोमीटरवर होतं आणि ती तिथे कधी जाण्याचा प्रश्नच आला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला थिबाच्या समाधीवर आले. या साडेतीन तासांच्या अंतरावरून तोवर किती थोडी माणसं आली-गेली, याचा विचार समाधीपाशी उभं राहिल्यावर मनात येतोच.

इंग्रजांनी दुर्गमता वापरली. आपण ती दूर केली का? काही प्रमाणात नक्की. बंदराला लागणाऱ्या आगबोटी गेल्या, एसटी आली, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली. जून २०२३ पासून वंदे भारतही आहे. मुंबई-रत्नागिरी गाडीने पाच-सहा तासांत होतं. पण आरक्षण मिळालं तर. आणि पावसाळी वेळापत्रक लागलं की दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग उतरवावा लागतो. तो उतरवायलाच हवा. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटी भागात दरड कोसळली आणि सगळा मार्ग जवळजवळ एक दिवस अडला. त्या रात्री ज्यांचं सहारहून विमान होतं, त्यांनी काय केलं असेल?

रस्त्याचं दुखणं वेगळं. मुंबईहून रत्नागिरी रस्त्याने ३४० किलोमीटरच्या आसपास. हातखंब्याला महामार्ग सोडून शहराकडे उतरायचं. चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, त्या वर्षी जन्मलेली मुलं आता दहावीच्या वयाची झाली. परशुराम घाटातल्या दरडी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ वाहून गेलेला सावित्रीवरचा पूल आणि त्याबरोबर गेलेली माणसं, जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला खचलेला वाशिष्ठीचा पूल. कशेडीचा बोगदा झाला, त्याने मोठा त्रास वाचला, हेही सांगितलं पाहिजे. पण अमेरिकेच्या विमानाची वेळ पाळायची असेल, तर आजही कुणी शहाणा माणूस आठ तासांखाली हिशेब धरत नाही. बहुतेक जण आदल्या दिवशीच निघतात आणि डोंबिवलीला मावशीकडे नाहीतर ठाण्याला काकांकडे मुक्काम टाकतात. कोकणातल्या प्रत्येक परदेशी गेलेल्या मुलामागे मुंबईतलं असं एक घर असतं, जिथे बॅगा पुन्हा वजनाला लावल्या जातात आणि कोकमाची बाटली फुटू नये म्हणून टॉवेलात गुंडाळली जाते.

विमानतळावर तीन-साडेतीन तास आधी पोचायचं, सोळा तास हवेत, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. घराच्या ओटीपासून न्यू जर्सीतल्या घराच्या दारापर्यंत धडधाकट माणसालाही तीस तास लागतात.

आनंदाच्या प्रवासात हे चालून जातं. दुःखाच्या प्रवासात प्रत्येक तास मोजला जातो. आई किंवा वडील गेल्याचा निरोप न्यूयॉर्कच्या सकाळी पोचतो, तेव्हा रत्नागिरीत संध्याकाळ असते. हिवाळ्यात घड्याळातला फरक साडेदहा तासांचा, उन्हाळ्यात साडेनऊ. तिकीट मिळवून मुलगा त्याच रात्री विमानात बसला, तर दुसऱ्या दिवशी रात्री मुंबईत उतरतो. पुढे रात्रभर गाडी, आणि तिसऱ्या दिवशी उजाडता घर. तोपर्यंत थांबायचं की नाही, हा निर्णय घरातल्या उरलेल्या माणसांना घ्यावा लागतो. कुणी बर्फाची सोय करतात, कुणी जिल्हा रुग्णालयाच्या शवागारात ठेवतात, कुणी फोनवर मुलालाच विचारतात, आणि तोच म्हणतो की थांबू नका, उरकून घ्या. असं म्हणणाऱ्या मुलाला आपण नंतर दोष देतो. मला ते अन्यायाचं वाटतं. त्याने चौदा-पंधरा तासांचं आकाश एका झेपेत पार केलेलं असतं, पेण ते हातखंबा हा रस्ता त्याच्या हातात नसतो.

हापूसचंही असंच आहे, आणि त्याची गोष्ट जास्त उघडपणे मोजता येते. आंबा दूर पाठवायचा तर तो झाडावर पूर्ण तयार होऊ देत नाहीत. बागायतदार आण्याच्या हिशेबात बोलतात. चौदा आणे तयार झालेलं फळ झेल्याने, डेख राखून उतरवायचं. मग ते पिकून खाण्याजोगं व्हायला आठ-दहा दिवस मिळतात. एवढ्या मुदतीत फळाला जग ओलांडायचं असतं.

अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंबा बंद केला होता. फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांची त्यांना भीती. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीला आले तेव्हा अणुकराराबरोबर आंब्याचीही बोलणी झाली आणि एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या अमेरिकेत उतरल्या. अट अशी की प्रत्येक फळाला किमान ४०० ग्रे इतका किरणोत्साराचा मारा द्यायचा, तोही अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकासमोर. ती सोय तेव्हा होती भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लासलगावच्या केंद्रात, जे मुळात कांद्यासाठी उभारलं होतं. म्हणजे रत्नागिरीचा आंबा आधी घाट चढून नाशिक जिल्ह्यात जायचा आणि मग मुंबईच्या विमानतळावर परत यायचा. पुढे वाशीला पणन मंडळाची सोय झाल्यावर हा हेलपाटा वाचला. योगायोग असा की त्याच २००७ च्या ऑगस्टमध्ये एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क थेट विमान सुरू केलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली तेव्हा वाटेत थांबे घ्यावे लागत होते. सत्तेचाळीस वर्षांनी ते गळाले.

प्रत्येक देशाचं सोपस्काराचं खूळ वेगळं. युरोपने मे २०१४ मध्ये भारतीय आंबा बंद केला आणि २०१५ च्या सुरुवातीला परत घेतला. तिकडे जाणारं फळ ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. जपानला बाष्प उष्णता लागते. कोविडच्या दोन हंगामांत अमेरिकी निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर तिकडची निर्यातच थांबली. मे २०२५ मध्ये तर नवी मुंबईत किरणोत्सार होऊन विमानाने गेलेले सुमारे पंधरा कन्साइनमेंट लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर कागदपत्रांतल्या त्रुटीमुळे अडवले गेले. माल परत आणण्याचा खर्च मालाहून जास्त, म्हणून तो तिथेच नष्ट करावा लागला. बारा-तेरा हजार किलोमीटर ओलांडून गेलेलं फळ शेवटच्या टेबलावर हरलं. त्या फळाच्या प्रवासातही हवेतले तास एका दिवसाहून कमीच होते. बाकी सगळे दिवस बाग, पॅकहाउस, वाशी, किरणोत्सार आणि कागद यांच्यात गेले होते.

मग रत्नागिरीत विमानतळ झाला की सुटलं, असं अनेकांना वाटतं. धावपट्टी आहे. शहराला लागून मिरजोळ्याला, तटरक्षक दलाच्या ताब्यात. प्रवासी सेवेसाठी टर्मिनलचं काम हाती घेतलेलं आहे. मला या विमानतळाचं स्वागतच आहे, आणि आजारी माणसाला तातडीने हलवायचं तर त्याची किंमत पैशात करता येणार नाही. पण शेजारच्या जिल्ह्याचा अनुभव डोळ्यांआड करू नये. सिंधुदुर्गात परुळे-चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला मोठ्या समारंभात सुरू झाला. मुंबईचं विमान उडालं, लोकांनी कौतुकाने तिकिटं काढली. पुढे फेऱ्या रद्द होत राहिल्या आणि मुंबईची सेवा बंदही पडली. अमेरिकेचं जोडविमान पकडणाऱ्याला अनियमित विमानापेक्षा रेल्वे बरी. त्यातच दक्षिणेला मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तो रत्नागिरीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पूर्वेला आंबा घाट चढून कोल्हापूर त्याहून जवळ. तिन्ही बाजूंना विमानतळ आणि मधे रत्नागिरी, अशी आपली स्थिती आहे.

२३५ किलोमीटरच्या उड्डाणाचा हिशेबही पाहावा. सत्तर आसनांचं एटीआर विमान तासाच्या आत मुंबईला पोचवेल, पण आधी तासभर विमानतळावर, नंतर सामान आणि आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जाण्याची धावपळ. तीन तास तरी जातात. तरीही ते आठ तासांच्या निम्म्याहून कमी आहेत. फेऱ्या रोजच्या आणि भरवशाच्या असतील तरच या हिशेबाला अर्थ.

माझ्या मते कोकणासाठी खरी संधी दुसरीकडे उघडली आहे. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला लोकार्पण होऊन २५ डिसेंबरपासून देशांतर्गत उड्डाणांसाठी सुरू झाला. तो पनवेलच्या शेजारी आहे, आणि पनवेल हे कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्यांचं हमखास थांब्याचं स्टेशन. रत्नागिरीहून निघालेल्या माणसाला आता ठाणे, दादर, अंधेरी हा शेवटचा घोळ घालायची गरज पडू नये. परदेशी उड्डाणं तिथून वाढली की कोकणाचा प्रवास निदान दोन तासांनी आखडेल. त्यासाठी नवी धावपट्टी लागत नाही. पनवेल स्टेशनच्या फलाटावरून विमानतळाकडे ठरावीक वेळेला सुटणारी, रात्रीही चालणारी बस लागते. रात्री, कारण अमेरिका-युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात. रत्नागिरीहून दुपारी निघून संध्याकाळी पनवेलला पोचणाऱ्या एका जलद गाडीला, पावसाळी वेळापत्रकातही, जपलेली वेळ लागते. सामान ठेवायला डब्यात जागा लागते, कारण अमेरिकेला जाणाऱ्याकडे तेवीस किलोच्या दोन बॅगा असतात आणि आपल्या गाड्यांत त्या दारातच अडतात. गणपतीत आणि मे महिन्यात परदेशी तिकीट दाखवणाऱ्याला थोडा आरक्षणाचा कोटा ठेवता येईल का, हेही रेल्वेने तपासावं. आणि आंब्याच्या हंगामात, मार्च ते मे, रत्नागिरीहून शीतगृहाचा डबा लावलेली मालगाडी पनवेलपर्यंत आली, तर वाशीच्या किरणोत्सार केंद्रापर्यंतचं उरलेलं अंतर ट्रकला तासाभरात कापता येईल.